तुरीनमध्ये रॅलीच्या गाड्या पाहताना

फॉर्म्युला वनच्या गाडीला नंबरप्लेट नसते, रॅलीच्या गाडीला असते. इटलीतल्या गाड्यांच्या संग्रहालयात शिरण्यापूर्वी एवढी एक गोष्ट ठाऊक असली तरी पाहणाऱ्याची नजर बदलते. रॅली बंदिस्त ट्रॅकवर होत नाही. घाटातला, जंगलातला किंवा बर्फातला रस्ता तेवढ्यापुरता बंद करून त्यावर घड्याळ लावले जाते. तो टप्पा संपला की पुढच्या टप्प्यापर्यंत गाडी चारचौघींसारखी सार्वजनिक रस्त्याने जाते, सिग्नलला थांबते, ट्रकच्या मागे रखडते. म्हणून तिला इंडिकेटर लागतो, हॉर्न लागतो, नंबर लागतो. १९९४पर्यंत इटलीत नंबरप्लेटवर जिल्ह्याची अक्षरे असत, आणि जगभरच्या रॅल्या जिंकलेल्या लान्चा व फियाट कंपन्यांच्या गाड्यांवर बहुधा ‘टीओ’ ही दोन अक्षरे दिसतात. टीओ म्हणजे तोरिनो, आपण ज्याला तुरीन म्हणतो ते शहर.

रॅलीच्या गाड्या पाहायच्या तर तिथेच जावे.

आपल्याकडच्या ठरावीक सहलींमध्ये रोम, फ्लॉरेन्स, पिसा, व्हेनिस आणि मिलान असतात. तुरीन सहसा नसते. पण मिलानहून वेगवान रेल्वेने तासाभरात तुरीन येते, त्यामुळे गटाबरोबर गेलेल्यालाही सहल संपल्यावर दोन दिवस जोडून घेता येतात. फेरारीसाठी मारानेल्लो आणि मोदेना, लाम्बोर्गिनीसाठी सांताआगाता, अल्फा रोमिओसाठी मिलानजवळचे अरेझे ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत आणि आपापल्या जागी चांगलीही आहेत. मात्र ती सगळी एका दमात उरकणाऱ्याला शेवटी कोणती लाल गाडी कुठे पाहिली हेही आठवत नाही. मोबाइलमध्ये फोटो तेवढे साठतात.

तुरीनमधले मुख्य ठिकाण म्हणजे हेरिटेज हब. शहराच्या दक्षिणेला मिराफियोरी नावाचा फियाटचा अवाढव्य कारखाना १९३९मध्ये सुरू झाला. त्याच्या आवारातल्या ‘ऑफिचिना ८१’ या शेडमध्ये गिअरबॉक्स तयार होत. तीच शेड २०१९मध्ये साफसूफ करून फियाट, लान्चा आणि अबार्थ या तीन नावांच्या अडीचशेहून अधिक गाड्यांचे घर झाली. जागा सुमारे १५ हजार चौरस मीटर. कारखान्याचे खांब आणि वरचे छत तसेच ठेवले आहे, गाड्या दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या आहेत आणि मधोमध विषयवार गट मांडले आहेत. त्यांतला एक गट रॅलीचा. मखमली दोऱ्या आणि काचेची कपाटे यांची सवय असलेल्याला ही जागा संग्रहालयापेक्षा सुस्थितीतल्या गॅरेजसारखी वाटेल, आणि तेच तिचे बलस्थान आहे.

इथे तिकीटखिडकीवर जाऊन आत शिरता येईल असे समजू नये. भेट मार्गदर्शकासोबत आणि आधी नोंदणी करूनच होते. दिवस व वेळा ठरलेल्या असतात आणि बदलतातही, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी हबच्या अधिकृत संकेतस्थळावर तारखा पाहाव्यात, नंतर नव्हे. नोंदणी करताना भाषा तपासावी; इटालियन फेरीत अडकलेल्याला मान डोलावण्यापलीकडे काही करता येत नाही. पत्ता प्लावा रस्त्यावरचा आहे आणि तो भाग शहराच्या मध्यापासून दूर आहे. बस जाते, पण वेळ गाठायची असेल तर टॅक्सी बरी. गटाबरोबर फिरताना प्रत्येक गाडीपाशी रेंगाळता येत नाही, त्यामुळे कोणत्या सहा-सात गाड्यांपाशी थांबायचे हे घरून ठरवून गेलेले उत्तम. ती यादी रॅलीच्या काळाप्रमाणे लावली तर पुढचे आपोआप उलगडते.

सुरुवात लान्चा फुल्वियापासून करावी. ही छोटी कूपे १९६५ची. समोरून पाहिल्यावर दिव्यांकडे लक्ष जाते. १.६ एचएफ या प्रकाराला आतल्या बाजूचे दोन दिवे इतके मोठे होते की इटालियन लोकांनी तिचे नावच ‘फानालोने’, म्हणजे बड्या दिव्यांची, असे पाडले. चार सिलिंडरचे इंजिन व्ही आकाराचे, पण त्या व्हीचा कोन अगदी चिंचोळा. ताकद पुढच्या चाकांना. १९७२च्या माँटे कार्लो रॅलीत सांद्रो मुनारी आणि त्याचा सहचालक मारियो मानुच्ची यांनी हिच्यातून अल्पीन आणि पोर्शे यांना मागे टाकले. तोवर गाडीचे वय झालेले होते. त्या विजयानेच लान्चाच्या शर्यत विभागाचा प्रमुख चेझारे फियोरियो याच्या मागणीला वजन आले, आणि त्याला हवी तशी, केवळ रॅलीसाठी जन्माला घातलेली गाडी बनली.

ती गाडी म्हणजे स्ट्रॅटोस. हबमध्ये फक्त दहा मिनिटे मिळणार असतील तर ती सगळी हिला द्यावीत.

प्रथम बाजूने उभे राहून पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर डोळ्यांनी मोजावे. ते २,१८० मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षा जेमतेम अर्धा सेंटिमीटर जास्त. एवढ्या आखूड चौकटीत, चालकाच्या पाठीशी, फेरारी डिनोचे २.४ लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आडवे बसवले आहे. घाटातल्या वळणावर झटकन वळावी म्हणून गाडी आखूड केली आणि त्यामुळेच ती सरळ रस्त्यावर अस्थिर झाली. तिला काबूत ठेवणे येरागबाळ्याचे काम नव्हते. मग पुढे येऊन काच पाहावी. ती एखाद्या नळकांड्याचा काप लावावा तशी गोल वळलेली आहे, आणि काचेच्या दोन्ही कडांना खांब बरेच मागे गेले आहेत. वळणाच्या आतला कोपरा चालकाला आधीच दिसावा हा त्यामागचा विचार. दाराच्या आतल्या बाजूला वाकून पाहता आले तर हेल्मेट मावेल एवढा खोल खण दिसेल. दोन टप्प्यांच्या मध्ये, सार्वजनिक रस्त्यावर, हेल्मेट काढून ठेवायला जागा हवी होती. ती आराखड्यातच दिली गेली. बॉनेट आणि मागचा भाग हे दोन्ही पूर्ण तुकडे पेटीच्या झाकणासारखे उघडतात, कारण भर रात्री, बर्फात, मेकॅनिकला मोजक्या मिनिटांत गिअरबॉक्सपर्यंत पोहोचायचे असे. गाडीचे रूप बर्टोने कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनीचे. ते सुंदर आहे यात वाद नाही, पण तिच्यावरच्या प्रत्येक रेषेला काहीतरी काम आहे हे पाहणे अधिक मजेचे.

स्ट्रॅटोसने १९७४, ७५ आणि ७६ अशी सलग तीन वर्षे उत्पादकांचे जागतिक विजेतेपद घेतले. मुनारीने १९७५ ते ७७ सलग तीन वेळा माँटे कार्लो जिंकली. केनियातली सफारी रॅली मात्र तिला कधीच जिंकता आली नाही. १९७५मध्ये दुसरा आणि तिसरा क्रमांक इथवरच मजल गेली. आलितालिया विमान कंपनीच्या हिरव्या-लाल पट्ट्यांची स्ट्रॅटोस आज सर्वांत ओळखीची आहे. जगात तिच्या नकलाही पुष्कळ आहेत, त्यामुळे कंपनीच्या स्वतःच्या संग्रहातली गाडी पाहण्याला वेगळे मोल आहे.

इतकी यशस्वी गाडी मग बाजूला का पडली? मालकाला विक्री हवी होती. लान्चा १९६९मध्येच फियाटच्या ताब्यात गेली होती, आणि रॅलीतल्या जिंकण्यातून फियाटच्या घरगुती गाड्या खपाव्यात असा वरच्यांचा हिशेब झाला. म्हणून स्ट्रॅटोसच्या शेजारी उभी असलेली फियाट १३१ अबार्थ पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकते. चौकोनी, बँकेतल्या अधिकाऱ्याला शोभेल अशी सेदान. तिचे फुगवलेले मडगार्ड, छतावरचा आणि डिकीवरचा स्पॉइलर आणि प्लास्टिकचे हलके पत्रे पाहिले की आतली गोष्ट कळते. रॅलीत उतरण्याच्या नियमासाठी अशा ४०० गाड्या बनवून रस्त्यावर विकाव्या लागल्या. १९७७, ७८ आणि ८० ही तीन विजेतेपदे या साध्याभोळ्या चेहऱ्याच्या गाडीची आहेत, आणि १९८०चे चालकांचे विजेतेपद जर्मनीच्या वाल्टर रोर्लने हिच्यातूनच मिळवले. नवशिके लोक हिच्यापुढे थांबत नाहीत, जाणकार थांबतात.

रॅलीची गाडी पाहताना हा नियमाचा आकडा सतत विचारत राहावा: हिच्यासारख्या किती गाड्या सामान्य गिऱ्हाइकासाठी बनवाव्या लागल्या? लान्चा ०३७ साठी तो आकडा २०० होता. म्हणूनच ती स्पोर्ट्स कार दिसते, बाजाराची गाडी दिसत नाही. पिनिनफारिनाचा बांधा, मध्यभागी दोन लिटरचे इंजिन, त्यावर सुपरचार्जर, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. समोर ऑडी क्वात्रो होती, चारही चाकांना ताकद देणारी. कागदावर सामना ऑडीच्या खिशात होता. तरी १९८३च्या माँटे कार्लोत रोर्ल पहिला आणि मार्कु अलेन दुसरा आला, आणि त्या वर्षीचे उत्पादकांचे विजेतेपद लान्चाने नेले. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीने हे विजेतेपद त्यानंतर पुन्हा कधी जिंकले नाही. ०३७च्या मागे उभे राहून आत डोकावले की जाळीमागे नळ्यांचा सांगाडा, स्प्रिंगा आणि शॉक अॅब्सॉर्बर उघडे दिसतात. गाडी कशी उभी राहते हे शिकायला त्याहून चांगले चित्र पुस्तकातही नाही.

तिच्यानंतरची डेल्टा एस४ पाहताना आकड्यांची गंमत आहे. इंजिन १,७५९ सीसीचे. हा विचित्र आकडा का? हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाचा आकार नियमात १.४ने गुणून धरत, आणि त्या गुणाकाराचे उत्तर अडीच हजारांच्या किंचित खाली येते. त्या गटात गाडी हलकी ठेवता येत होती. टर्बो कमी वेगात सुस्त असतो, म्हणून खालच्या टप्प्यासाठी सुपरचार्जर आणि वरच्यासाठी टर्बो असे दोन्ही एकाच इंजिनावर चढवले. १९८५च्या अखेरीस ब्रिटनच्या आरएसी रॅलीत ती पहिल्यांदा उतरली आणि हेन्री तोइव्होनेनने ती जिंकूनच आणली. पुढच्या मे महिन्यात, २ तारखेला, कोर्सिकाच्या रॅलीत तोइव्होनेन आणि सहचालक सेर्जो क्रेस्तो या गाडीतच जळून गेले. ‘ग्रुप बी’ या नावाने ओळखला जाणारा तो बेफाम गाड्यांचा वर्ग त्या वर्षाअखेर बंद झाला. मार्गदर्शक या गाडीपाशी अश्वशक्तीचे आकडे सांगतात तेव्हा हेही लक्षात असावे.

मग येते डेल्टा इंतेग्राले. जुज्यारोने रेखलेली पाच दारांची घरगुती हॅचबॅक, १९८०ची युरोपातली ‘कार ऑफ द इयर’. नवा नियम ५,००० गाड्यांचा होता, म्हणजे खरोखर बाजारात विकली जाणारी गाडीच हवी. लान्चाच्या लोकांनी तिलाच चारही चाकांची ताकद आणि टर्बो दिला आणि १९८७ ते १९९२ अशी सलग सहा विजेतेपदे नेली. इथे एकाच गाडीची वाढ वर्षागणिक पाहता येते. मडगार्ड फुगत जातात, बॉनेटवर हवा बाहेर सोडणाऱ्या खाचा वाढतात, चाके रुंदावतात. सफारीसाठी सजवलेली डेल्टा दिसली तर तिच्या नाकावरचे जाडजूड लोखंडी गज पाहावेत. केनियातले रस्ते रॅलीसाठी बंद नसत. समोरून गुरे, मॅटाडोर, काहीही येई. सफारी जिंकण्याचे लान्चाचे वर्षानुवर्षांचे स्वप्न अखेर १९८८मध्ये मिकी बियासियोनने पूर्ण केले.

कोणत्याही रॅली गाडीत शेवटी सहचालकाच्या बाजूने डोकवावे. त्याच्यासमोर अंतर मोजणारे यंत्र, घड्याळे, वही वाचण्यासाठी लवचिक मानेचा छोटा दिवा आणि पाय रेटून धरायला पत्र्याची पाटी असते. पुढचे वळण किती अवघड, त्यानंतर किती मीटर सरळ रस्ता, हे त्याने आधीच लिहून आणलेले असते आणि हादऱ्यांमध्ये ते चालकाला वाचून दाखवायचे असते. फोटो काढणारे बहुतेक जण स्टिअरिंगचाच काढतात.

अबार्थचा विंचू अनेक गाड्यांवर दिसेल. कार्लो अबार्थ मूळचा व्हिएन्नाचा, जन्म १५ नोव्हेंबर १९०८, रास वृश्चिक. विंचू तिथून आला. साध्या फियाटचे सायलेन्सर आणि इंजिनाचे भाग बदलून ती पळवणे हा त्याचा धंदा. १९६५मध्ये सत्तावन्नाव्या वर्षी एका विक्रमी गाडीच्या चिंचोळ्या बैठकीत मावण्यासाठी त्याने सफरचंदे खाऊन सुमारे ३० किलो वजन उतरवले, अशी कथा कंपनी आजही आवडीने सांगते. मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नाही: २०१५मध्ये बाजारात आलेली अबार्थ पुंटो पुण्याजवळ रांजणगावला बनत होती.

दुसरा दिवस राष्ट्रीय मोटार संग्रहालयासाठी ठेवावा. हे ‘माउतो’ नावाने ओळखले जाते आणि तिथे साध्या तिकिटावर जाता येते. मेट्रोचे ‘इतालिया ६१’ स्थानक जवळ आहे. इमारत १९६०ची, आतली मांडणी २०११मध्ये नव्याने केलेली. रॅलीच्या वेडाने आलेल्याने इथे १९०७ची इताला चुकवू नये. पेकिंग ते पॅरिस ही शर्यत राजपुत्र शिपिओने बोर्गेझे, मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी आणि वार्ताहर लुईजी बार्झिनी या तिघांनी हिच्यातून जिंकली. १० जूनला निघाले ते १० ऑगस्टला पॅरिसमध्ये. सायबेरियात लाकडी पुलासकट गाडी खाली कोसळली, आणि पुढे मोडलेले चाक एका रशियन कारागिराने कुऱ्हाडीने नीट करून दिले. सत्तर वर्षांनी स्ट्रॅटोसमध्ये जे कप्पे, जाडजूड टायर आणि जादा दिवे आले, त्यांची पूर्वतयारी या राखाडी धुडावर बांधलेल्या सामानात दिसते.

तिथून लिंगोत्तो चालत जाण्याइतके जवळ आहे. १९२३मध्ये सुरू झालेल्या या फियाट कारखान्यात कच्चा माल तळमजल्यावर शिरे, गाडी एकेक मजला चढत तयार होई आणि थेट गच्चीवरच्या चाचणी ट्रॅकवर निघे. तो ट्रॅक, त्याच्या दोन्ही टोकांची तिरकी उभी वळणे धरून, आज बाग म्हणून खुला आहे. गोल फिरत वर जाणारा रॅम्प पाहायला विसरू नये.

मुंबईत वाढलेल्याची पावले मात्र एका वेगळ्याच गाडीपाशी अडखळतील. फियाट ११०० कुठेही दिसली की ओठांवर ‘पद्मिनी’ येते. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्यात हीच गाडी बनवली, १९७४पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले, आणि काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर टिकली. इटलीत ११००च्या तिखट आवृत्त्या मिले मिल्यासारख्या शर्यतीतही धावल्या, हे सांगितले तर दादरचा जुना टॅक्सीवाला विश्वास ठेवणार नाही.

वेळ उरला तर मिलानजवळच्या अरेझेला अल्फा रोमिओचे संग्रहालय आहे, २०१५मध्ये नव्याने उघडलेले. १९२५चे पहिले जागतिक विजेतेपद घेणारी पी२ आणि १९५०-५१ची फॉर्म्युला वन विजेती ‘अल्फेत्ता’ यांच्यासाठी अर्धा दिवस सार्थकी लागतो. मोदेनाला जाणाऱ्याने फेरारीच्या गर्दीतून निसटून उंबेर्तो पानिनी यांचा मासेराती संग्रह पाहावा. १९९६मध्ये लिलावात जगभर विखुरणार असलेल्या गाड्या या कुटुंबाने घेतल्या आणि आपल्या शेतावर ठेवल्या. त्याच आवारात पार्मेजान चीज बनते, आणि तिथेही आधी नोंदणी लागते.

काही कोरड्या गोष्टी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळणे अवघड, म्हणून उशीर करू नये. ऑगस्टचा मध्य टाळावा, १५ ऑगस्टच्या आसपास सारी इटली सुट्टीवर असते. सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात किंवा लवकर मिटतात. ऐतिहासिक गाड्या प्रदर्शनांना आणि जुन्या गाड्यांच्या रॅलींना पाठवल्या जातात, त्यामुळे एकाच विशिष्ट गाडीसाठी जाणाऱ्याने आधी ईमेल करून विचारावे. पत्र्यावर हात ठेवू नये. जुन्या स्टिकरच्या कडा बोटाने उचकटतात. रंग ताजा, चकचकीत दिसला तर तो नंतर मारलेला असण्याची शक्यता आहे हे मनात ठेवून, दगडांचे टवके उडालेल्या, न सुधारलेल्या गाडीला जास्त वेळ द्यावा.

परतीचे विमान मिलानच्या मालपेन्सावरून संध्याकाळचे असेल तर दुपार वाया घालवू नये. टर्मिनल १ला लागूनच व्होलांदिया हे विमानांचे संग्रहालय आहे आणि तिथे बर्टोने कंपनीचा गाड्यांचा संग्रह ठेवलेला आहे. दिवाळे निघाल्यावर २०१५च्या लिलावात तो इटलीतल्या जुन्या गाड्यांच्या महासंघाने एकगठ्ठा विकत घेतला, म्हणून तुकडे झाले नाहीत. स्ट्रॅटोस रेखणाऱ्या गांदिनीची लाम्बोर्गिनी मिउरा तिथे भेटते. मोठ्या बॅगा बरोबर असतील तर त्या ठेवण्याची सोय विमानतळावर आधी करावी, आणि विमानाच्या तीन तास आधी तिथून निघावे.